नामदार ना. म. जोशी

रायपूर शहराच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा या मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. स्पंज आयर्नचे कारखाने, पोलादाच्या रोलिंग मिल आणि त्यांच्या आधाराने चालणारे लहानमोठे उद्योग तेथे आहेत. अशा एखाद्या कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात नव्याने रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रथम कायदा शिकावा लागतो. कामाचे तास किती असावेत, पगार कोणत्या तारखेच्या आत द्यावा, पगारातून काय कापता येते आणि काय कापता येत नाही, यंत्रात हात सापडला तर भरपाई किती व कोणाकडे जमा करावी, बाळंतपणाची रजा कशी द्यावी, या साऱ्यांचे नियम त्याला ठाऊक असावे लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या आणि पूर्वीचे २९ कायदे त्यांत सामावले गेले. त्यामुळे या विभागात वर्षानुवर्षे काम केलेल्या जाणत्या माणसांवरही पुन्हा विद्यार्थी होण्याची वेळ आली.

प्रशिक्षणाच्या वर्गात ही कलमे रूक्ष वाटतात. परंतु ती आकाशातून पडलेली नाहीत. त्यांतील कितीतरी तरतुदींचा मूळ आग्रह एका कोकणी शिक्षकाने धरला होता. तो मनुष्य वकील नव्हता, कारखानदार नव्हता आणि कामगारही नव्हता. नारायण मल्हार जोशी हे त्याचे नाव. मुंबईच्या गिरणगावात त्यांना नामदार जोशी म्हणून ओळखत.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते पुण्यास आले आणि डेक्कन कॉलेजातून १९०१ साली पदवीधर झाले. त्या काळात पदवीधराला सरकारी नोकरी सहज मिळे आणि वकिलीची वाटही मोकळी असे. जोशी यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला व सुमारे आठ वर्षे शाळांतून अध्यापन केले. या वर्षांत त्यांच्या हातून जगाला दिसावे असे काही घडले नाही. मात्र एखादी गोष्ट न कंटाळता पुन्हा पुन्हा समजावून सांगण्याची सवय त्यांना येथेच जडली असावी. पुढे सरकारी बाकांवरील गोऱ्या अधिकाऱ्यांना ती चांगलीच परिचयाची झाली.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. समाजाच्या सदस्याने आयुष्यभर देशसेवा करावी, पैसा मिळवण्याच्या मागे लागू नये आणि संस्था देईल त्या अल्प मानधनात संसार चालवावा, असा तेथील दंडक होता. वयाच्या तिसाव्या वर्षी, १९०९ साली, जोशी या समाजाचे सदस्य झाले आणि त्यांचे कार्यक्षेत्र ठरले मुंबई.

त्या वेळची मुंबई ही कापडगिरण्यांची नगरी होती. परळ, लालबाग, डिलाइल रोड, भायखळा या भागांत गिरण्यांच्या चिमण्या धूर ओकत आणि त्यांच्या सावलीत चाळी उभ्या असत. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा भागांतून आलेली माणसे एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. १८८१ आणि १८९१ साली कारखान्यांविषयीचे कायदे झाले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारून आठवड्याच्या सुटीसाठी लढा दिला होता. तरीही १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाला दिवसाचे १२ तास राबवण्याची मुभा होती आणि ९ वर्षांचे मूल कारखान्यात कामाला लावता येत असे.

१९११ साली जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग या संस्थेची स्थापना केली. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या, व्यायामशाळा, मुलांची मंडळे अशी नाना कामे लीगने अंगावर घेतली. परळचे दामोदर सभागृह तिच्याच कार्यातून उभे राहिले. या सर्व कामांत एक काम लोकांच्या फारसे लक्षात राहिलेले नाही. गरीब आणि निरक्षर लोकांना कायद्याचा सल्ला देणे आणि पोलीस कोर्टात त्यांच्या पाठीशी उभे राहणे, हे ते काम होय. ज्याला वाचता येत नाही त्याने कशावर अंगठा उठवला हे त्याला कळत नाही. आणि जो हक्क माहीत नाही तो मागताही येत नाही. रात्रशाळा आणि कायद्याचा सल्ला ही दोन कामे एकाच संस्थेत शेजारी शेजारी चालली, हा योगायोग नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर जगातील कामगारांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्मास आली. तिची पहिली परिषद १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन येथे भरली. प्रत्येक देशातून सरकार, मालक आणि कामगार या तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी यावयाचे होते. हिंदुस्थानच्या कामगारांची तोपर्यंत एकही देशव्यापी संघटना नव्हती, म्हणून सरकारने स्वतःच जोशी यांची नेमणूक केली. परिषदेत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास कामाचा करार मंजूर झाला. पण हिंदुस्थानसाठी त्यात वेगळे कलम घालून आठवड्याला ६० तासांची मर्यादा ठेवण्यात आली. इतर देशांच्या मानाने ही मर्यादा कमी पडते हे उघड होते. परंतु दिवसाला १२ तास राबणाऱ्या गिरणी कामगाराच्या दृष्टीने आठवड्यातून कित्येक तास वाचणार होते. मिळते ते पदरात घ्यावे आणि उरलेल्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा दार ठोठवावे, अशी जोशी यांची रीत होती. ती सर्वांना रुचली नाही. १९२२ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. आठवड्याचे तास ६० वर आले, मुलांचे किमान वय ९ वरून १२ झाले आणि ५० ऐवजी २० कामगार असलेल्या यंत्रचालित कारखान्यांनाही कायदा लागू झाला.

वॉशिंग्टनच्या अनुभवाने एक उणीव उघडी पाडली होती. देशातील कामगारांच्या वतीने प्रतिनिधी सुचवील अशी संस्था असणे अगत्याचे होते. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची, म्हणजेच आयटकची, स्थापना झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष होते. संस्थापकांमध्ये जोशी होते आणि १९२५ पासून ते तिचे सरचिटणीस झाले.

१९२१ साली नव्याने अस्तित्वात आलेल्या केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने त्यांना नियुक्त केले. तेव्हापासून १९४७ पर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, ते या सभागृहात बसत होते. त्यांना कोणी निवडून दिले नव्हते; कामगाराला मतच नव्हते. सभागृहात जमीनदार होते, गिरणीमालक होते, व्यापारी होते, बॅरिस्टर होते. कामगारांच्या प्रश्नावर बोलताना जोशी यांच्या मागे पक्षाची फौज नसे. त्यांचे बळ होते ते माहितीचे. सरकारी अहवाल, अपघातांची आकडेवारी, परदेशातील कायदे यांचा अभ्यास करून ते उभे राहत आणि विधेयकातील एकेका कलमाला दुरुस्ती सुचवीत. बहुतेक दुरुस्त्या फेटाळल्या जात. पुढच्या अधिवेशनात त्या पुन्हा येत.

अपघाताच्या भरपाईचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा होता. यंत्राच्या पट्ट्यात सापडून कामगार दगावला, तर त्याच्या विधवेला मालकाविरुद्ध दिवाणी दावा लावून त्याची चूक सिद्ध करावी लागे. जिच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या पिठाची भ्रांत, ती वकील कोठून करणार? १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामावर असताना अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे आता कामगारावर राहिले नाही. मृत्यू झाल्यास ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देण्याचे बंधन मालकावर आले. या कायद्यातील एक तरतूद विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम मालकाने परस्पर नातलगांच्या हाती न देता आयुक्ताकडे जमा करावयाची होती. चारदोनशे रुपये हातावर टेकवून कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याची वाट त्यामुळे बंद झाली. पुढे शंभर वर्षांत रकमा बदलल्या, कायद्याचे नावही बदलले. ही व्यवस्था मात्र टिकून राहिली.

याच काळात संघटनेच्या हक्काचा प्रश्न ऐरणीवर आला होता. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरणीतील संघर्षात तेथील कामगार नेते बी. पी. वाडिया यांच्यावर न्यायालयाचा मनाई हुकूम बजावण्यात आला. कामगारांना संप करण्यास सांगणे म्हणजे त्यांना करार मोडण्यास चिथावणे, असा त्याचा आधार होता. कामगार संघ चालवणारा प्रत्येक माणूस यामुळे कायद्याच्या कचाट्यात येत होता. मार्च १९२१ मध्ये जोशी यांनी कामगार संघांची नोंदणी व संरक्षण यांसाठी कायदा करावा, असा ठराव सभागृहात मांडला. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९२६ साल उजाडले. सात सभासद एकत्र येऊन संघ नोंदवू शकतात हा नियम त्यातलाच. संघाने आपल्या जमाखर्चाचे तपासलेले विवरण दरवर्षी निबंधकाकडे सादर करावे, असेही त्याने ठरवून दिले. मात्र नोंदणी झालेल्या संघाला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, असे बंधन या कायद्यात नव्हते.

सर्वच प्रयत्नांना यश आले असे नाही. गिरण्यांतून आणि खाणींतून काम करणाऱ्या स्त्रिया बाळंतपणाच्या अगदी आदल्या दिवसापर्यंत कामावर जात, कारण खाडा झाला की पगार बुडे. त्यांना प्रसूतीच्या आधी व नंतर रजा आणि त्या काळात आर्थिक मदत मिळावी, यासाठी जोशी यांनी १९२४ साली विधेयक आणले. ते नामंजूर झाले. पण बीज पडले होते. १९२९ साली मुंबई प्रांताने प्रसूती साहाय्याचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, मध्य प्रांताने तसा कायदा केला. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होते. आज रायपूरच्या कारखान्यातील महिलेला मिळणाऱ्या प्रसूती रजेची वंशावळ अशी थेट त्या फेटाळलेल्या विधेयकापाशी पोहोचते.

दिल्ली आणि सिमल्याच्या सभागृहांत जोशी जितके दिसत, तितकेच परळच्या रस्त्यांवर दिसत. १९२४ आणि १९२५ साली मुंबईत गिरण्यांचे मोठे संप झाले. दुसरा संप साडेअकरा टक्के पगारकपातीविरुद्ध होता आणि अखेर ती कपात मागे घेतली गेली. संप मिटला की संघटना विरून जाते, हा अनुभव टाळण्यासाठी १९२६ च्या जानेवारीत बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली आणि जोशी तिचे अध्यक्ष झाले. वर्गणी, हिशेब आणि तक्रारींचा पाठपुरावा ही कामे नियमितपणे करणारी ती संघटना होती. गर्दीला असल्या कामांचे आकर्षण नसते.

१९२८ चा संप याहून मोठा होता. एप्रिल ते ऑक्टोबर असे जवळपास सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. संयुक्त संप समितीत एकीकडे नेमस्त जोशी आणि दुसरीकडे श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे तरुण साम्यवादी एकत्र बसले. पगाराबरोबरच वादाचा एक विषय होता सेवानियमांचा. कामगाराला कोणत्या कारणाने काढता येते, किती दिवसांची सूचना द्यावी लागते, उशिरा आल्यास काय होते, यांविषयी प्रत्येक गिरणी आपापल्या मर्जीने वागत असे. न्यायमूर्ती फॉसेट यांच्या चौकशी समितीपुढे या नियमांची कलमवार चर्चा झाली. मालक आणि कामगार समोरासमोर बसून नोकरीच्या अटी लिहून काढत आहेत, हे दृश्य त्या काळात नवे होते. सेवानियम लेखी व प्रमाणित असलेच पाहिजेत असा केंद्रीय कायदा त्यानंतर अठरा वर्षांनी, १९४६ मध्ये झाला.

१९२९ साली ब्रिटिश सरकारने जॉन हेन्री व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला. जोशी आणि दिवाण चमनलाल हे त्याचे सदस्य झाले. यातून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग ओढवला. सायमन आयोगावरील बहिष्काराच्या आठवणी ताज्या होत्या. परक्या सरकारच्या आयोगाशी सहकार्य कसले करावयाचे, असा सवाल राष्ट्रीय आणि साम्यवादी विचारांचे कार्यकर्ते विचारीत होते. १९२९ च्या अखेरीस नागपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली आयटकचे अधिवेशन भरले आणि तेथे आयोगावर बहिष्काराचा ठराव संमत झाला. जी संस्था त्यांनी स्वतः उभारली, जिचे ते सरचिटणीस होते, तिच्यातून जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. सरकारधार्जिणे असल्याचा आरोप त्यांना सहन करावा लागला. विरोधकांचा राग समजण्यासारखा होता. स्वराज्याच्या लढ्यात अर्धेमुर्धे सहकार्य ही फसवी गोष्ट ठरू शकते. पण १९३१ साली प्रसिद्ध झालेला आयोगाचा अहवाल वाचला की जोशी आत बसले हे बरेच झाले, असे वाटते. पुढील पंधरावीस वर्षांत झालेल्या कामगार कायद्यांचा पाया बहुतांशी या अहवालात आहे. दुभंगलेली संघटना पुन्हा एकत्र यावी यासाठी जोशी झटत राहिले. १९४० साली एकीकरण पूर्ण झाले आणि तेच पुन्हा तिचे सरचिटणीस झाले.

आजच्या मनुष्यबळ विभागाचे मूळही या अहवालात शोधता येते. त्या काळी गिरणीत नोकरी देण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार व्यवहारात जॉबरच्या हाती असे. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. नोकरी लागताना दस्तुरी द्यावी लागे, टिकवण्यासाठी पुन्हा द्यावी लागे, रजेवरून परतल्यावर जागा हवी असेल तरी हात ओले करावे लागत. जॉबर कर्जही देई आणि खोलीही मिळवून देई. त्यामुळे त्याच्याविरुद्ध तोंड उघडण्याची सोय नव्हती. भरतीचे काम जॉबरकडून काढून घ्यावे आणि त्यासाठी कारखान्यांत स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस आयोगाने केली. हा अधिकारी सचोटीचा असावा, कामगारांची भाषा जाणणारा असावा आणि त्याच्या संमतीखेरीज कोणाला कामावरून काढू नये, अशी कल्पना होती. १९३४ च्या कायद्यान्वये मुंबई सरकारने लेबर ऑफिसर नेमला आणि पाठोपाठ गिरणीमालक संघानेही आपला अधिकारी नेमला. या नव्या पेशासाठी शिकलेली माणसे हवी होती. १९३६ साली मुंबईत नागपाडा येथे समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा संस्था सुरू झाली आणि कामगार कल्याणाच्या कामासाठी तिने पदवीधर तयार केले. १९४७ साली मुंबईतच कामगारविषयक शिक्षणासाठी बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट निघाली. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आता तिला दिलेले आहे.

आयोगाच्या शिफारशींतून आलेला दुसरा महत्त्वाचा कायदा म्हणजे १९३६ चा पगारवाटप कायदा. त्यापूर्वी महिन्याचा पगार हाती पडायला पुढचा महिना बराच उलटून जाई. मधल्या काळात किराणा दुकानदार आणि सावकार यांच्याकडे उधारी चाले. दंडाचे प्रकार तर अनेक होते. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापण्याची डबल खाड्याची पद्धत काही गिरण्यांत होती. कापडात दोष निघाला तर ते कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती केली जाई. नव्या कायद्याने हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात सात दिवसांच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहा दिवसांच्या आत पगार देणे बंधनकारक केले. गैरहजेरीसाठी गैरहजेरीपुरतीच कपात करता येईल, असे ठरले. दंडाची मर्यादा रुपयामागे अर्धा आणा इतकी घातली आणि पंधरा वर्षांखालील मुलाला दंड करण्यास बंदी आली. दंडाची प्रत्येक रक्कम वेगळ्या नोंदवहीत लिहून ती कामगारांच्या हितासाठीच खर्च करावी लागे. कचेरीतील कारकुनाला ती नोंदवही म्हणजे डोकेदुखी वाटत असे; परंतु तिच्यामुळे मालकाच्या रागालोभाला प्रथमच हिशेब द्यावा लागला.

मध्य प्रांतात या बदलांचे पडसाद उमटत होते. विडी वळण्याचे, लाख गाळण्याचे आणि कातडी कमावण्याचे कारखाने यंत्रावर चालत नसल्यामुळे कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहत. अंधाऱ्या, कोंदट जागेत लहान मुले तेथे दिवसभर विड्या वळीत. शाही आयोगाने या स्थितीकडे लक्ष वेधले होते. १९३७ साली मध्य प्रांताने अनियंत्रित कारखान्यांचा स्वतंत्र कायदा करून हे तिन्ही धंदे नियमाखाली आणले.

मात्र रायपूरहून अवघ्या सत्तर किलोमीटरवर असलेल्या राजनांदगावची गोष्ट निराळी होती. तेथील बंगाल नागपूर कॉटन मिल ही छत्तीसगढमधील मोठी कापडगिरणी. परंतु राजनांदगाव हे संस्थान असल्यामुळे ब्रिटिश मुलखातील कामगार कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. १९२० साली वकील ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तेथील कामगारांनी दीर्घ संप केला. या कार्यापायी प्यारेलाल सिंह यांना पुढे संस्थानातून हद्दपार व्हावे लागले आणि रायपूर ही त्यांची कर्मभूमी झाली. रेल्वेने दोन तासांचाही प्रवास नाही, पण सरहद्दीच्या अलीकडे कामगाराला जो हक्क होता तो पलीकडे नव्हता. कायद्याचे मोल कळण्यासाठी याहून वेगळे उदाहरण शोधण्याची गरज नाही. संस्थान विलीन झाले ते १९४८ साली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जोशी साठी ओलांडलेले गृहस्थ होते. १९४३ मध्ये कोळशाची टंचाई पुढे करून सरकारने स्त्रियांना खाणीत भूमिगत काम करण्यास असलेली बंदी उठवली, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. ती बंदी १९४६ साली पुन्हा लागू झाली. त्या वर्षी कारखान्यांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादाही आली. वॉशिंग्टनला १९१९ मध्ये जे हिंदुस्थानच्या वाट्याला आले नव्हते ते मिळायला सत्तावीस वर्षे लागली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकारी बाकावर आंबेडकर आणि समोर जोशी, असे चित्र त्या वर्षांत केंद्रीय विधिमंडळात दिसे. गोलमेज परिषदांना कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी उपस्थित राहिले होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नियामक मंडळावरही त्यांनी काम केले. सरकारी नोकरांच्या पहिल्या वेतन आयोगाचेही ते सदस्य होते. सरकारने देऊ केलेला सी.आय.ई. हा किताब त्यांनी फार पूर्वीच नाकारला होता. विधिमंडळातील सहकारी मोटारींतून येत असताना त्यांचे राहणे अखेरपर्यंत साधेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली नवा कारखाना कायदा झाला. ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे, असे त्याच्या ४९ व्या कलमाने ठरवले. शाही आयोगाची शिफारस आता मालकाच्या मर्जीची बाब राहिली नाही. त्याच सुमारास जोशी आयटकच्या सरचिटणीसपदावरून बाजूला झाले.

३० मे १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्याची सकाळ उजाडत असे, त्या डिलाइल रोडला पुढे ना. म. जोशी मार्ग असे नाव देण्यात आले. त्या रस्त्यावरच्या बहुतेक गिरण्या आता बंद पडल्या आहेत, काहींच्या जागी काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्या इमारतींतील कचेऱ्यांतही मनुष्यबळ विभागाची माणसे हजेरीपट आणि पगारपत्रके तपासत बसलेली असतात.